रानभाज्या परसात लावताना : नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

मे महिना संपत आला की मुरबाड, शहापूर, कर्जत या भागांतील बाजारांत ठाकर आणि कातकरी बाया शेवळांच्या, म्हणजे एका रानकंदाच्या फुलांच्या, जुड्या घेऊन बसलेल्या दिसतात, आणि जुडीबरोबर त्या मूठभर हिरवी काकडेही देतात. काकड नावाच्या रानझाडाची ही आंबट फळे आहेत. ती किंवा त्यांच्याऐवजी चिंच, आमसूल असे काही आंबट भाजीत घातले नाही, तर शेवळे घशाला खाजतात. जुडी आणि काकडे एकत्र देण्याच्या या साध्या पद्धतीत झाड ओळखण्याचे, ते कधी खुडायचे याचे आणि ते पचनी कसे पाडायचे याचे, असे तिन्ही प्रकारचे ज्ञान सामावलेले आहे. हल्ली अनेक जण गावाकडे गुंठा-दोन गुंठे जागा घेतात, किंवा घरामागच्या परसात रानभाज्या लावू पाहतात; परंतु ते कंद तेवढा घेऊन येतात आणि त्यामागचे ज्ञान बाजारातच राहून जाते. हे मार्गदर्शन अशा वाचकांसाठी लिहिले आहे.

येथे सांगितलेल्या पद्धती प्रामुख्याने उत्तर कोकण आणि त्याला लागून असलेल्या सह्याद्रीतील वारली, ठाकर, कातकरी, महादेव कोळी आणि कोकणा या समाजांच्या आहेत. विदर्भातील गोंड गावांत किंवा सातपुड्यातील पाड्यांवर वनस्पतींची यादी बदलेल आणि पावसाचे गणितही बदलेल. म्हणून तेथील वाचकांनी यातील पद्धत घ्यावी, नावे मात्र आपल्या भागातील घ्यावीत. माझ्या मते या वनस्पतींना खतपाणी फार कमी लागते. लागते ते वेळेचे भान, आणि किती घ्यायचे व किती जागेवर ठेवायचे याचा पक्का हिशोब. लागवडीची प्रत्येक पायरी या हिशोबाशी जोडलेली आहे.

पहिला पावसाळा : पाहणे

जागा हाती आल्याबरोबर ती नांगरून, तण काढून साफ करण्याचा मोह होतो, आणि नवख्या माणसाची सर्वांत मोठी चूक येथेच होते. पहिल्या पावसाळ्यात जमिनीला हात लावू नये. रोहिणीच्या सरी पडल्यापासून हस्त नक्षत्र संपेपर्यंत दर आठवड्याला एक फेरी मारावी आणि कोठे काय उगवते ते वहीत लिहून ठेवावे. पाणी कोठे तुंबते, कोठून वाहून जाते, कोणत्या झाडाखाली माती ओली राहते, दुपारनंतर सावली कोठे येते, या चार गोष्टी कळल्या की निम्मी लागवड ठरते. शिवाय टाकळा, कुर्डू, आंबुशी, काटेमाठ यांसारख्या भाज्या बहुधा तेथे आधीपासूनच असतात, आणि तण समजून त्यांनाच उपटून टाकले जाते.

ही फेरी एकट्याने मारू नये. शेजारच्या पाड्यावरील जाणत्या बाईला सोबत घ्यावे, आणि तिचा दिवसभराचा रोज द्यावा. शेतावर राबणाऱ्याला आपण मजुरी देतो. मग झाड ओळखून देणाऱ्या व्यक्तीचा वेळ फुकट का समजावा? माझ्यासोबत आलेल्या ठाकर आजींनी पहिल्याच दिवशी एक गोष्ट शिकवली. फोडशी या पालेभाजीसारखे दिसणारे रोप उपटून त्यांनी माझ्या हातात दिले आणि मुळाकडे पाहण्यास सांगितले. फोडशीला खाली मांसल मुळांचा झुबका असतो. माझ्या हातातील रोपाच्या तळाशी मात्र कांदा होता. तो रानकांदा, म्हणजे कोळकांदा, विषारी आहे. वरून दोन्हींची पाने लांब, पातीसारखी आणि हिरवीगार दिसतात. त्यामुळे ओळख मुळापाशी पटवावी लागते.

कंदांच्या बाबतीत याहूनही अधिक जपावे लागते. कळलावीचा कंद रताळ्यासारखा किंवा रानकंदासारखा दिसतो आणि तो खाल्ल्याने जीव जाऊ शकतो. तिच्या पानाचे टोक दोऱ्यासारखे वळलेले असते आणि त्या टोकाच्या आधाराने ती वर चढते. हे टोक कोणत्याही खाण्याच्या कंदवेलाला नसते. वेल हिरवा असताना ज्या कंदाची ओळख पटलेली नाही, तो हिवाळ्यात खणून खाऊ नये, हा नियम घरातील लहानथोर सर्वांनी पाळावा.

जमीन तयार करणे

डोंगरउताराच्या वरकस, म्हणजे हलक्या, जमिनीवर आदिवासी शेतकरी पिढ्यान्पिढ्या एक क्रम पाळत आले आहेत. पहिल्या वर्षी नाचणी, दुसऱ्या वर्षी वरई, त्यानंतर खुरासणी किंवा तीळ, आणि मग काही वर्षे जमीन पड. पड ठेवलेल्या जमिनीत झुडपे वाढतात, पाने गळून कुजतात, मुळे माती धरून ठेवतात, आणि रानभाज्यांपैकी बऱ्याचशा याच पडीत येतात. आपल्या परसात एवढी ऐसपैस जागा नसते; तरीही जागेचे चार तुकडे पाडून त्यांतील एक दरवर्षी पूर्ण मोकळा ठेवणे शक्य आहे. त्या तुकड्यात खणू नये, निंदणी करू नये, फक्त पालापाचोळा पसरावा.

उताराची जागा असल्यास उताराला आडवे, गुडघ्याएवढे दगडी बांध घालावेत. सिमेंट वापरू नये, कारण पाणी झिरपून पुढे जाणे आवश्यक आहे आणि माती मागे अडणे आवश्यक आहे. रचलेल्या दगडांच्या फटींतून या दोन्ही गोष्टी साधतात. बांधावरील जुनी झाडे तोडू नयेत. मोहाचे झाड शेतात असेल तर ते कितीही सावली करीत असले तरी आदिवासी शेतकरी ते राखतो, कारण त्याची फुले, टोळंबीचे म्हणजे बियांचे तेल आणि पाने या सर्वांचा घराला आधार असतो. त्याच सावलीत आपली शेवळे वाढणार आहेत.

राबाविषयी येथे स्पष्ट लिहिणे आवश्यक आहे. भाताच्या रोपांसाठी वाफ्यावर झाडांच्या फांद्या, पाला, शेण आणि गवत पसरून ते उन्हाळ्यात जाळण्याच्या पद्धतीला राब भाजणे म्हणतात. त्यामुळे वरच्या थरातील तणांचे बी मरते आणि राखेतून रोपांना खुराक मिळतो. ही पद्धत जाणत्या हातांनी, वारा पाहून, चारी बाजूंनी जागा साफ करून आणि पाण्याची सोय जवळ ठेवून केली जाते. नवख्या माणसाने मात्र आग लावू नये. आजूबाजूला वाळलेले गवत आणि जंगल असते, आणि एका ठिणगीने डोंगर पेटतो. राखेचा उपयोग हवा असल्यास चुलीतील लाकडाची राख चाळून, मूठभर प्रत्येक खड्ड्यात मिसळावी. परसबागेला तेवढी पुरते.

बियाणे आणि कंद कोठून आणावेत

जंगलातून खणून आणू नयेत. अभयारण्यात आणि राष्ट्रीय उद्यानात तसे करणे बेकायदा आहेच, परंतु इतर वनक्षेत्राच्या बाबतीतही एक गोष्ट लक्षात घ्यावी. 2006च्या वनहक्क कायद्याने जंगलात पिढ्यान्पिढ्या राहणाऱ्या समाजांचा गौण वनोपजावरील, म्हणजे लाकूड सोडून जंगलातील इतर उत्पन्नावरील, हक्क मान्य केला आहे, आणि त्या कायद्याच्या व्याख्येत मुळे आणि कंद यांचा स्पष्ट उल्लेख आहे. गडचिरोलीतील मेंढा-लेखा गावाला 2009 साली सामूहिक वनहक्क मिळाला, तो या कायद्यामुळेच. तेव्हा जो कंद आपण सहज उपटून पिशवीत टाकतो, तो कोणाच्या तरी हक्काचा आणि पोटाचा असतो. तो विकत घ्यावा. बाजारात बसणाऱ्या बाईला आदल्या हंगामातच सांगून ठेवले, तर ती खाण्याच्या कंदांबरोबर लावण्याचे कंदही वेगळे काढून आणते, आणि कोणता कोठे लावायचा हेही सांगते.

करटोली

नवख्या माणसाने एकच वेल निवडायचा झाल्यास मी करटोलीचे नाव घेईन. एकदा कंद लागला की तो जमिनीत वर्षानुवर्षे राहतो, हिवाळ्यात वेल वाळून जातो आणि पहिल्या पावसाने पुन्हा फुटतो. मात्र हा वेल समजून घेतल्याशिवाय फळ देत नाही. करटोलीत नर आणि मादी वेल वेगवेगळे असतात, आणि फुले येईपर्यंत कोणता कोणता हे कळत नाही. मी पहिल्या वर्षी पिकलेल्या फळांच्या बियांपासून पाच रोपे केली, मांडव घातला, आणि श्रावणात लक्षात आले की पाचही वेल नर आहेत. बियांपासून लागवड केल्यास असे होऊ शकते, शिवाय करटोलीचे बी रुजायला फार वेळ घेते. म्हणून सुरुवात कंदांपासूनच करावी.

कंद निवडण्याची रीत सोपी आहे, परंतु ती एक हंगाम आधी सुरू होते. वेल फुलावर असताना फुलाच्या मागे पाहावे. मादी फुलाच्या देठाशी मऊ काट्यांचे, बोराएवढेही नसलेले इवले करटोले दिसते. नर फुलाखाली ते नसते, तेथे होडीसारखे वळलेले एक छोटे पान असते. मादी वेलांच्या बुडाशी लाल चिंधी आणि नर वेलाच्या बुडाशी पांढरी चिंधी बांधून ठेवावी. हिवाळ्यात वेल वाळले तरी चिंध्या राहतात, आणि त्यांच्याखालचे कंद ओळखून घेता येतात. आठ ते दहा मादी वेलांसाठी एक नर वेल पुरतो. परंतु एखादा कंद कुजू शकतो, त्यामुळे लहान बागेतही नराचे दोन कंद ठेवावेत.

मे महिन्याच्या अखेरीस फूटभर लांब, रुंद आणि खोल खड्डे सहा-सहा फुटांवर घ्यावेत. निम्मी माती, निम्मे चांगले कुजलेले शेणखत आणि मूठभर राख यांनी ते भरावेत. कंदाचा डोळा वर ठेवून तो तीन बोटे खोल लावावा आणि वर पाला पसरावा. पाऊस सुरू होण्याआधी पाणी घालण्याची घाई करू नये. कंद कोरड्या मातीत शांत पडून राहतो, अवेळी ओल मिळाली तर मात्र कुजतो. मृगाच्या पावसात कोंब वर येतो. मांडव माणसाच्या उंचीएवढाच असावा, कारण फुलांपर्यंत आपला हात पोहोचणे आवश्यक आहे.

करटोलीची फुले संध्याकाळी उमलतात आणि रात्री उडणाऱ्या पतंगांमुळे त्यांचे परागीभवन होते. ज्या वस्तीत रात्रभर दिवे जळतात आणि फवारणी चालते, तेथे हे पतंग कमी येतात आणि इवली फळे पिवळी पडून गळतात. अशा वेळी दिवेलागणीच्या सुमारास ताजे नर फूल खुडून, त्याच्या पाकळ्या मागे दुमडून, त्यातील पराग मादी फुलाच्या मध्यभागी हळूच टेकवावे. एका नर फुलाने अनेक मादी फुले फळतात. त्यानंतर दहा-बारा दिवसांत फळ कोवळे आणि भाजीयोग्य होते. नखाने दाबल्यावर बी कठीण लागले, तर ते फळ वेलावरच पिकू द्यावे.

शेवळे, चाई आणि फोडशी

शेवळाला झाडाची सावली आणि पाण्याचा निचरा होणारी उताराची माती हवी. कंद वीतभर खोल लावावा आणि पहिली दोन वर्षे त्याचे काहीही खुडू नये. शेवळाचे फूल पान येण्याआधी, पावसाच्या तोंडावर जमिनीतून सरळ वर येते, आणि त्यानंतर येणारे एकुलते एक पान पावसाळाभर कंदाला पोसते; म्हणून ते पान कापू नये. तिसऱ्या वर्षापासूनही सर्व फुले काढू नयेत. जी राहतात त्यांना बी धरते आणि त्यांतूनच पुढची पिढी येते, जरी त्या रोपाला फुलावर येण्यास काही वर्षे जातात. स्वयंपाकात आतील पिवळसर भाग काढून टाकावा, बाकीचे बारीक चिरून आंबटाबरोबर चांगले शिजवावे आणि कच्चे अजिबात चाखून पाहू नये.

चाई हा पाच पर्णिकांच्या पानांचा कंदवेल आहे, आणि पावसाळ्यात त्याला येणाऱ्या मोहराची भाजी होते. लागवडीसाठी त्याचा जमिनीतील कंद खणण्याची गरज नाही. पानांच्या बेचक्यात वाटाण्या-बोराएवढे छोटे कंद येतात; ते पावसाळा संपताना गोळा करून कोरड्या राखेत ठेवले आणि पुढच्या मे महिन्यात मोठ्या झाडाच्या बुडाशी लावले, की नवे वेल तयार होतात. झाडच त्याचा मांडव होते. पुढे कधी जमिनीतील कंद काढायचा झाल्यास वेल जेथे जोडलेला असतो ते डोके चार बोटे जाडीचे कापून त्याच खड्ड्यात परत पुरावे आणि माती सैल करून वर टाकावी. पुढच्या पावसात त्याच जागी वेल उभा राहतो. जाणती माणसे एवढे केल्याशिवाय खड्ड्यापासून उठत नाहीत.

फोडशी मात्र सर्वांत सोपी आहे. मुळांचा झुबका बांधाच्या कडेला लावावा, पहिल्या पावसानंतर फूल येण्याआधी पाने जमिनीपासून बोटभर वर विळ्याने कापावीत, आणि रोप उपटू नये. भाजी करताना मधला कडक दांडा काढून टाकावा. टाकळा आणि कुर्डू यांसाठी तर लावणे हा शब्दही मोठा वाटतो. कुर्डूचे काळेभोर चकचकीत बी राखेत किंवा वाळूत मिसळून मोकळ्या जागेत फेकावे, कारण नुसते फेकल्यास ते एकाच ठिकाणी पडते. टाकळ्याच्या बियांचे कवच कठीण असते. त्यांवर गरम पाणी ओतून रात्रभर भिजत ठेवले की ते लवकर रुजतात. टाकळा चार-पाच इंचांचा असतानाच खावा, पुढे त्याला उग्र वास येतो.

खुडण्याचा हिशोब

वारली पाड्यांवर पावसाळ्यातील पहिली कोवळी भाजी देवाला दाखविल्याशिवाय खात नाहीत. या रीतीमागची श्रद्धा ज्यांची त्यांच्यापाशी आहे. शेतीच्या दृष्टीने पाहिले तर सर्व गाव एका ठरलेल्या दिवसापर्यंत थांबते आणि तोवर रोपांना मुळे धरण्यास अवसर मिळतो. देवराईत तर काहीच न तोडण्याचा नियम असतो, आणि आजूबाजूच्या रानाला बी पुरविणारी जुनी झाडे त्यामुळेच टिकली आहेत. आपल्या परसातही असा एक दिवस आणि असा एक कोपरा ठरवावा. मी मोकळ्या तुकड्यातील काहीच खुडत नाही, आणि इतर तुकड्यांत तीन रोपांपैकी एक रोप बियांसाठी सोडते. सर्वांत जोमदार रोप सोडावे. उरलेसुरले, किडके रोप बियांसाठी ठेवण्याची सवय बागेला दोन-तीन वर्षांत कमजोर करते.

पाहुणे आले, भाजी छान दिसते आहे, आणखी एक जुडी काढू, असे दर पावसाळ्यात वाटते. त्या वेळी आपणच ठरविलेला हिशोब मोडू नये.

बी राखणे

अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे या महादेव कोळी समाजातील शेतकरी महिलेला 2020 साली पद्मश्री जाहीर झाली, ती गावरान बियाणे जपण्याच्या कामासाठी. त्यांनी शाळा पाहिली नव्हती. वालांपासून पालेभाज्यांपर्यंतची वाणे त्यांनी घरच्या पद्धतींनी राखली. त्या पद्धती कोणत्याही घरात जमतात.

बी पूर्ण पिकून झाडावरच वाळू द्यावे. काढल्यावर ते आधी सावलीत आणि नंतर सकाळच्या कोवळ्या उन्हात वाळवावे. दातांखाली धरल्यावर बी न चेपता कट् असा आवाज करून फुटले, तर ते ठेवण्याजोगे वाळले असे समजावे. करटोलीसारख्या गरातील बिया राखेत चोळून गर काढावा. त्यानंतर मडक्यात तळाला चाळलेली, पूर्ण थंड झालेली राख, तिच्यावर बी, पुन्हा राख असे थर द्यावेत, तोंडावर कापड बांधून शेणमातीने लिंपावे आणि मडके चुलीजवळच्या कोरड्या फळीवर ठेवावे. राख ओल शोषते आणि किडीला हालचाल करू देत नाही. चूल नसलेल्या घरात घट्ट झाकणाची काचेची बरणी चालते, मात्र राख हवीच. बरणीवर वनस्पतीचे नाव, बी कोणत्या जागेतील आहे आणि काढल्याचा महिना लिहावा. कोणी बी मागितल्यास द्यावे, आणि हंगामानंतर दुप्पट परत देण्याचे बोलून ठेवावे; आपले बी मेले तर ते त्यांच्याकडून परत मिळते.

कंदांना मडके लागत नाही, ते जमिनीतच सुरक्षित असतात. मार्गशीर्षापर्यंत वेल वाळून जातात आणि पौषात तेथे काही लावले होते याची खूणही उरत नाही, मग वांग्या-मिरचीचे वाफे करताना कुदळ नेमकी कंदावर बसते. म्हणून वेल पिवळा पडू लागताच प्रत्येक कंदाशेजारी वीतभर अंतरावर बांबूची काठी ठोकावी, तिच्यावर चिंधी बांधावी आणि वहीत खड्ड्यांचा नकाशा काढून ठेवावा.